डीपीवरचे 433

'सोलरवाल्यांनी व्होल्टेज बिघडवले' हे वाक्य वीजपुरवठ्याच्या चर्चेत हल्ली सर्रास ऐकू येते. उपायही ठरलेला: एका डीपीवर, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरवर, इतकेच किलोवॅट, पुढच्या अर्जदाराने थांबावे. 2024 पासून 'पीएम सूर्यघर' योजना एक कोटी घरांना अनुदान देऊ करत असताना हा पवित्रा तपासायलाच हवा.

आरोप अगदीच खोटा नाही. तीन किलोवॅटचा सिंगल फेज इन्व्हर्टर भर उन्हात सुमारे 13 अँपिअर लाईनमध्ये उलटे सोडतो. फेज-न्यूट्रल मिळून तारेचा रोध अर्धा ओहम धरला, तर त्या घरी व्होल्टेज साडेसहाने चढते. टोकाला एकाच फेजवर अशी तीन घरे असली की वीसच्या आसपास. 253 ओलांडले की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत लाईन सोडायची, असा नियम आहे.

पण चढण सुरू कुठून होते? डीपीवरची पाटी वाचा: 11000/433. 433 ला तीनच्या वर्गमुळाने भागा, 250 येतात. म्हणजे वरून 11 केव्ही पुरेपूर येत असेल आणि भार नसेल, तर डीपीपाशीच 250! टोकाच्या घरी संध्याकाळी व्होल्टेज पडू नये म्हणून केलेली ही जुनी सोय. उरलेल्या तीन व्होल्टांसाठी मात्र आरोपी पॅनेलवाला. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या 2020 च्या अभ्यासात रात्रीचे व्होल्टेजही चढेच आढळले. रात्री ऊन नसते, एवढे तरी मान्य व्हावे.

मग डीपीचे व्होल्टेजच उतरवावे; त्यासाठी ट्रान्सफॉर्मरला पायऱ्यापायऱ्यांचा टॅप असतो. तो खाली आणला तर संध्याकाळी टोकाचे फ्रिज रडतील, हा आक्षेप रास्त आहे. हा टॅप लाईन बंद करूनच फिरवावा लागतो. वायरमन रोज दोनदा खांबावर चढणार नाही. छोट्या डीपींना तर बहुधा टॅपच नसतो, तिथे उपकेंद्रातून 11 केव्ही उतरवावे लागेल. म्हणून आधी फेजवाटणी नीट करा. टॅपची एक पायरी साधारण सहा व्होल्टांची. संध्याकाळच्या नोंदी पाहून तेवढी उतरवा. इन्व्हर्टरला रिअ‍ॅक्टिव्ह पॉवर ओढायला लावा, पण त्यावर फार विसंबू नका; गल्लीतल्या केबलमध्ये रोधच जास्त असतो. शेवटी उत्पादन कमी करावेच लागले, तर एकदम बंद पडण्यापेक्षा हळूहळू घटवणे बरे. मात्र त्याचा फटका टोकाच्या घरालाच बसतो, डीपीशेजारच्याला नाही. भरपाई त्या घराला मिळाली पाहिजे.

आणि अर्ज नाकारायचाच असेल, तर त्या डीपीचा टॅप कितव्या खुणेवर आहे, दुपारी दोनला आणि रात्री दोनला व्होल्टेज किती होते, हे कंपनीने लेखी द्यावे.