आधी सेटिंग बघा, मग माउस बदला

संध्याकाळी मनगट दुखू लागले की आपण माउस बदलतो, जेलचे पॅड आणतो, फार तर खुर्ची वरखाली करतो. संगणकाच्या सेटिंगमध्ये मात्र डोकावत नाही.

हात जितका सरकतो त्याच प्रमाणात पडद्यावरचा बाण सरकतो, हा समज चुकीचा आहे. विंडोजमध्ये ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ ही सोय सहसा आधीपासून सुरूच असते. माउस झटकन हलवला तर बाण लांब जातो. तेवढाच माउस सावकाश हलवला तर थोडाच. सोय चांगली आहे. (गेम खेळणारी मुले ती बंद करतात, ते सोडा.) पण बाणाचा मूळ वेगच कमी ठेवला असेल, तर या टोकाहून त्या टोकाला जाताना माउस दोन-तीनदा उचलून मागे घ्यावा लागतो. तेही दिवसभर. चाकाच्या एका खटक्याला तीन ओळी हा नेहमीचा हिशेब. म्हणजे हजार ओळींची एक्सेल शीट उतरायला तीनशेहून अधिक खटके. आकडा सहा करा, निम्मे वाचतात.

मॅकची तऱ्हा निराळी. २०११ मध्ये ‘लायन’पासून अ‍ॅपलने स्क्रोलची दिशा उलटवली: बोट वर नेले की मजकूरही वर. ट्रॅकपॅडवर हे पटते, माउसच्या चाकावर अनेकांना नाही. तरी दोन्हींची सेटिंग एकच. एकीकडे बदलली की दुसरीकडेही बदलते. इतकी साधी गोष्ट वेगळी न करता हातानेच जुळवून घ्यावे, ही अपेक्षा मला उद्धट वाटते.

बोटांना मुंग्या येत असतील, तर मात्र सेटिंगशी खेळत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.