लोकरुचीची खतावणी

माझे एक स्नेही आहेत. महाविद्यालयांत इंग्रजी वाङ्मय शिकवण्यांत त्यांचीं तीस वर्षें गेलीं. एखाद्या कादंबरीच्या बारा आवृत्त्या निघाल्या म्हणून ती थोर, असें त्यांच्या वर्गांत कोणी म्हणालें तर त्याला उभें करून ते अर्धा तास तरी सोलून काढतील. अशा या गृहस्थांच्या दिवाणखान्यांत एका इंग्रजी गाण्यावरून माझा त्यांच्याशीं वाद झाला. गाणें त्यांच्या कन्येनें लावलें होतें. मीं म्हटलें, चाल बेताची आहे आणि शब्द तर त्याहून बेताचे. कन्या उत्तरली, "काका, गेल्या आठवड्यांत हें नवव्या नंबरवर होतें, आतां दुसऱ्यावर आलें आहे!" मीं मोठ्या आशेनें स्नेह्यांकडे पाहिलें. पण तेहि शांतपणें म्हणाले, "इतके कोट्यवधि लोक मूर्ख असतात, असें का तुमचें म्हणणें आहे?"

माझें म्हणणें तसें मुळींच नाहीं. लोक मूर्ख नसतात. आणि पुष्कळांना आवडतें तें हीनच असलें पाहिजे, हा सोंवळेपणाहि मला मान्य नाहीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, अमेरिकेंत व इंग्लंडांत दर आठवड्यास पॉप गाण्यांची आणि अल्बमांची जी क्रमवारी प्रसिद्ध होते, ती म्हणजे लोकांचें मत नव्हे. तो व्यापाराचा हिशेब आहे. आणि हिशेब ठेवण्याची रीत बदलली कीं त्यांतून दिसणारें 'लोकमत'हि बदलतें. दुकानदाराची खतावणी न्यायाधीशाचा निकाल म्हणून वाचण्याची खोड आज भल्याभल्या सुशिक्षितांना लागली आहे. आपल्या नियतकालिकांतहि परदेशी गाण्याचें परीक्षण म्हणून जें छापलें जातें, त्यांत अमुक गाणें किती पायऱ्या चढलें आणि तमुक किती घसरलें, यापलीकडे पुष्कळदां कांहींच नसतें. कापसाचे व सरकीचे भाव छापतात तसा हा प्रकार. फरक एवढाच कीं, भाव छापणारा कापसाला रसिकतेचें प्रशस्तिपत्र देत नाहीं.

या क्रमवारीचें कुळ आणि मूळ पाहिलें तर तिच्याविषयींचा अर्धा आदर आपोआप ओसरतो. अमेरिकेंतील 'बिलबोर्ड' हें पत्र १८९४ सालीं निघालें, तें भिंतींवर जाहिराती चिकटवणाऱ्यांच्या धंद्याचें पत्र म्हणून. खपाच्या तबकड्यांची देशव्यापी यादी त्यानें जुलै १९४० मध्यें सुरू केली, आणि आज जिचा डंका वाजतो ती 'हॉट हंड्रेड' ही शंभरांची यादी ऑगस्ट १९५८ मधली. इंग्लंडांत 'न्यू म्यूझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकाची जाहिरातखात्याची बाजू पाहणारे पर्सी डिकिन्स यांनीं सुमारें वीस दुकानांना दूरध्वनि केला, कोणत्या तबकड्या अधिक खपल्या तें विचारलें, आणि १४ नोव्हेंबर १९५२ च्या अंकांत बारा स्थानांची यादी छापली. पहिलें स्थान अॅल मार्टिनो या अमेरिकन गायकाला मिळालें. सबंध ब्रिटिश राष्ट्राच्या आवडीनिवडीचा जो इतिहास पुढें लिहिला गेला, त्याचा पाया हा असा वीस दुकानांचा! यांत डिकिन्सची लबाडी कांहींच नव्हती. कोणता माल किती मागवावा, हें दुकानदाराला कळलेंच पाहिजे. व्यापाऱ्यानें व्यापाऱ्यासाठीं केलेली ती टिपणी होती, आणि तेवढ्यापुरती ती प्रामाणिकहि होती.

पण टिपण्या अनेक असल्या म्हणजे सत्यहि अनेक होतात. १९६३ च्या आरंभीं बीटल्स मंडळींचें 'प्लीज प्लीज मी' हें गाणें 'न्यू म्यूझिकल एक्सप्रेस' आणि 'मेलडी मेकर' या दोन्ही पत्रांच्या यादींत पहिलें आलें. 'रेकॉर्ड रिटेलर' या तिसऱ्या पत्रांत मात्र तें दुसऱ्यावरच थांबलें. पुढें ब्रिटिश क्रमवारीचा अधिकृत इतिहास ठरवतांना त्या काळापुरती या तिसऱ्या पत्राचीच यादी ग्राह्य धरण्यांत आली. आणि ज्या गाण्याला दोन पत्रांनीं अग्रस्थान दिलें होतें, तें अधिकृतपणें कधीं पहिलें आलेंच नाहीं असें ठरलें. आतां मला कोणी सांगावें, त्या आठवड्यांत इंग्लंडचें लोकमत कोणतें होतें?

कोणी म्हणेल, ही झाली बाल्यावस्थेंतील चूक. पुढें सारें शास्त्रशुद्ध झालें. तर मग १९९१ सालची हकीकत पाहा. तोंपर्यंत अमेरिकेंतली मोठी क्रमवारी कशी तयार होई? निवडक दुकानांतील कारकून आपल्याकडे कोणत्या तबकड्या जोरांत खपताहेत त्यांचीं नांवें क्रमानें कळवीत. प्रती किती खपल्या याचा आंकडा त्यांत नसे. कारकुनाचा अंदाज असे, त्याची स्वतःची आवड असे, आणि तबकडी कंपनीच्या प्रतिनिधीची मर्जी राखण्याची सोयहि असे. त्या वर्षाच्या मे महिन्यापासून 'साउंडस्कॅन' या पद्धतीनें, गल्ल्यावर वाचल्या जाणाऱ्या पट्टेदार खुणेवरून, प्रत्यक्ष विक्री मोजण्यास सुरुवात झाली. गिऱ्हाइकें तींच, दुकानें तींच, गाणींहि तींच. बदलला तो फक्त मोजणारा. आणि काय चमत्कार! जून महिन्यांत एन. डब्ल्यू. ए. या कृष्णवर्णीय तरुणांच्या रॅप मंडळीचा अल्बम अग्रस्थानीं जाऊन बसला. सप्टेंबरांत गार्थ ब्रुक्स या कंट्री गायकाचा अल्बम पहिल्याच आठवड्यांत एकदम पहिला आला. जीं गाणीं शहरी कारकुनाच्या लेखीं कोपऱ्यांतलीं होतीं, तीं विकत घेणारे लोक इतकीं वर्षें पैसे मोजीतच होते. त्यांचे पैसे गल्ल्यांत पडत होते, पण त्यांचीं नांवें खतावणींत चढत नव्हतीं.

यावरून माझे स्नेही ज्या 'कोट्यवधि लोकां'ची बाजू घेऊन माझ्यावर चालून आले, त्यांच्यावर खरा अन्याय कोणीं केला तें दिसेल. तो माझ्यासारख्या कुरकुऱ्या श्रोत्यानें केलेला नाहीं. तो याच क्रमवारीनें केला. ज्या 'बिलबोर्ड'नें कृष्णवर्णीयांच्या गाण्यांची वेगळी यादी करून तिला १९४५ ते १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' म्हणजे 'वंशाच्या तबकड्या' असें नांव दिलें होतें, त्याच्याकडून याहून निराळ्या न्यायाची अपेक्षा करणें भाबडेपणाचें होईल.

गाणें घरोघरीं वाजतें आहे आणि यादींत त्याचा पत्ता नाहीं, असेंहि घडलें आहे. 'नो डाउट' या मंडळीचें 'डोन्ट स्पीक' हें गाणें १९९६-९७ मध्यें अमेरिकन नभोवाणीवरील गाण्यांच्या यादींत १६ आठवडे पहिलें होतें. मुख्य शंभरांच्या यादींत मात्र तें एकदांहि आलें नाहीं. कारण कंपनीनें त्याची सुटी तबकडी विक्रीस काढलीच नव्हती, आणि सुट्या तबकडीवांचून यादींत प्रवेश नाहीं असा तेव्हां नियम होता. सुटें गाणें मिळालें नाहीं तर लोक सबंध अल्बम घेतील, हा त्या काळच्या कंपन्यांचा सरळ हिशेब. डिसेंबर १९९८ मध्यें नियम बदलला. तत्पूर्वींच्या त्या वर्षांत अमेरिकेला काय आवडत होतें, हें या यादीवरून ठरवूं जाणारा संशोधक साऱ्या देशाला ऐकूं येत असलेल्या गाण्याला बहिरा ठरेल.

"पण आतां तर एकूण एक श्रवण मोजलें जातें," असें माझे स्नेही म्हणाले. हें खरें आहे. इंटरनेटवरून कोणी गाणें लावलें आणि अर्धा मिनिट ऐकलें कीं त्याची नोंद होते. ब्रिटनच्या एकेरी गाण्यांच्या यादींत अशीं श्रवणें २०१४ च्या जुलैपासून धरूं लागले. पण मोजणें निराळें आणि वजन देणें निराळें. १०० श्रवणें म्हणजे एक विक्री, असें तेव्हां ठरलें; तें ९० कां नाहीं किंवा ३०० कां नाहीं, याला संगीतशास्त्रांत किंवा लोकशाहींत कोणता आधार आहे? आणि पुढची गंमत तर ऐकण्यासारखीच आहे. २०१८ सालीं अमेरिकेच्या अल्बमयादीसाठीं असें ठरलें कीं, वर्गणी भरणाऱ्यांचीं १,२५० श्रवणें म्हणजे एक अल्बम. पण जाहिराती सोसून फुकट ऐकणाऱ्यांचीं मात्र ३,७५० श्रवणें झालीं म्हणजे एक अल्बम. ब्रिटनच्या एकेरी यादींत त्याच वर्षीं हें प्रमाण १०० ला ६०० असें ठेवण्यांत आलें. म्हणजे अमेरिकेंत पैसेवाल्याच्या एका कानाला फुकट्याचे तीन कान, आणि ब्रिटनमध्यें सहा! व्यापाराच्या दृष्टीनें हें अगदीं रास्त आहे. वर्गणीदाराकडून उत्पन्न अधिक येतें. पण ज्या निवडणुकींत एका मतदाराला एक मत आणि दुसऱ्याला त्याचा सहावा हिस्सा, तिला लोकांचा कौल म्हणण्यास माझे प्राध्यापक स्नेही आपल्या विद्यापीठांत तरी तयार होतील काय?

नवी मोजणी सुरू झाल्यावर काय झालें तेंहि पाहावें. मार्च २०१७ मध्यें एड शीरन या गायकाचा नवा अल्बम निघाला, आणि त्यांतलीं १६ गाणीं ब्रिटनच्या पहिल्या विसांत एकदम घुसलीं. सबंध अल्बम एकदां वाजवला कीं प्रत्येक गाण्याच्या खात्यावर एक एक श्रवण जमा होणार, हें उघड आहे. त्यांत प्रत्येक गाणें आवडलें असा अर्थ कोठून आला? यादी चालवणारेहि दचकले, आणि त्याच वर्षाच्या जुलैपासून एका मुख्य गायकाचीं तीनांहून अधिक गाणीं यादींत घ्यावयाचीं नाहींत असा नियम झाला. अमेरिकेंत असा नियम नाहीं. तेथें २०१८ मध्यें ड्रेकच्या २५ गाण्यांच्या अल्बमांतलीं सात गाणीं एकाच आठवड्यांत पहिल्या दहांत होतीं, आणि २०२२ मध्यें टेलर स्विफ्ट या गायिकेनें दहाच्या दहा स्थानें व्यापलीं. रुचि तीच, उपकरण तेंच. पण अटलांटिकच्या अलीकडे तीन गाणीं दिसतात आणि पलीकडे दहा. दर्जी निराळे असले म्हणजे एकाच माणसाच्या अंगाचें माप निराळें निघतें, तशांतला हा प्रकार.

केट बुश हिच्या गाण्याची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. १९८५ मध्यें तिसऱ्या स्थानापर्यंत पोंचलेलें तिचें 'रनिंग अप दॅट हिल' हें गाणें एका दूरदर्शन-मालिकेंत वापरलें गेलें, आणि जून २०२२ मध्यें, ३७ वर्षांनीं, ब्रिटनमध्यें पहिलें आलें. ही बातमी देतांना सर्वांनीं लोकांच्या रसिकतेचे गोडवे गाइले. त्यांतली एक बाब मात्र थोड्यांनींच छापली: जुन्या गाण्याच्या श्रवणांचें वजन निम्में धरावयाचें असा तेथें नियम आहे, आणि या गाण्यापुरती त्या नियमांतून खास सूट देण्यांत आली. सूट द्यावयास नको होती असें मी म्हणत नाहीं. गाणें उत्तम आहे आणि मलाहि आनंद झाला. पण मग 'लोकांनीं वर आणलें' म्हणतांना लोकांबरोबर त्या नियमकर्त्यांनाहि नमस्कार करावा.

आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांना येथें बिनाका गीतमाला आठवेल, आणि ते मला दामटतील. १९५२ पासून बुधवारीं रात्रीं आठ वाजतां रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांचा आवाज लागला कीं पुण्यामुंबईचीं घरेंच्या घरें स्तब्ध होत. कोणतें गाणें कोणत्या 'पायदाना'वर, यावर पैजा लागत. मीहि त्या घरांतलाच आहे. तो आनंद मी नाकारीत नाहीं. खेळ म्हणून क्रमवारी उत्तमच आहे. २००९ च्या नाताळांत ब्रिटिश श्रोत्यांनीं दूरदर्शनवरील गायनस्पर्धेच्या विजेत्याला खालीं ओढण्यासाठीं 'रेज अगेन्स्ट द मशीन'चें सतरा वर्षांपूर्वींचें गाणें मुद्दाम विकत घेऊन पहिलें आणलें, तेंहि खेळ म्हणूनच मला आवडलें. परंतु त्याच पन्नासाच्या दशकांत, १९५५ च्या एप्रिलपासून पुढें वर्षभर, पुणें आकाशवाणीवरून माडगूळकर-फडक्यांच्या गीतरामायणांतलें एक एक नवें गाणें आठवड्या-आठवड्याला आपण ऐकत होतों. छप्पन्न गाणीं झालीं. त्यांतलें कितवें कितव्या नंबरवर होतें, हें कोणाला विचारावेंसें वाटलें नाहीं. कोणतें कां आवडलें यावर मात्र ओट्याओट्यांवर वाद होत, आणि ते वाद करणाऱ्या बायकापुरुषांना संगीताची पदवी नव्हती.

माझी तक्रार आहे ती हा वाद बंद पडल्याबद्दल. आंकडा पुढें आला कीं बोलणें खुंटतें. चाल कशी आहे, आवाज कोठें लागतो आणि कोठें फाटतो, शब्द सुराला धरून आहेत कीं सुराच्या पाठीवर ओझें होऊन बसले आहेत, हे प्रश्न विचारण्याचें काम टीकाकाराचें. त्यानेंच जर 'नवावरून दोनावर' असें लिहून पानाचे पैसे घेतले, तर सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला दोष कशाला द्यावयाचा? आणि आठवडा ही मुदत तरी कसली? मराया कॅरीचें नाताळचें प्रसिद्ध गाणें १९९४ सालचें. त्या वर्षीं सुटी तबकडी नव्हती म्हणून तें मुख्य यादीस अपात्र होतें. पहिलें स्थान त्याला डिसेंबर २०१९ मध्यें मिळालें. मधल्या पंचवीस वर्षांत त्याची गोडी किती पायऱ्या चढली, तें मला कोणी बाण काढून दाखवावें.

त्या संध्याकाळीं तीनास एक आणि सहास एक हा हिशेब ऐकून स्नेही हंसले, आणि चहाला उठले. मीं त्यांच्या कन्येला गाणें पुन्हा लावावयास सांगितलें, व नंबर सोडून त्यांत तुला काय आवडतें तें सांग, असें म्हटलें. ती थोडी गोंधळली. मग दुसऱ्या कडव्यानंतर तिनें बोट वर केलें. तेथें ताल एकाएकीं थांबतो, आणि चारपांच मात्रा आवाज एकटाच, जरा घाबरल्यासारखा, पुढें जातो. ती जागा पहिल्या ऐकण्यांत माझ्या हातून निसटली होती, आणि ती खरोखरच चांगली आहे. बाकीची चाल बेताची आहे हें माझें मत मात्र कायम आहे. त्यावरून ती अद्याप माझ्याशीं भांडते आहे.