मंडपातील मेंढीकोट

गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळींतून गणेशोत्सवात कीर्तनसेवेचा योग आम्हांस अनेकदा आला. मंत्रपुष्प आटोपून मंडळी पांगली, की श्रींच्या राखणीस उरलेले चौघे पत्ते पिसू लागतात. डाव मेंढीकोटाचा. यावर नाक मुरडणारे पुष्कळ. आम्ही त्यांतले नाही.

समोरासमोरचे दोघे भिडू, प्रत्येकास तेरा पाने. उतारीच्या रंगाचे पान हाती असता तेच टाकावे. नसेल तरच हुकमाने कापावे. चार दश्श्या याच मेंढ्या. तीन मिळविणारा पक्ष जिंकला; दोन-दोन झाल्यास सात हात ज्याचे, त्याचा डाव. चारही नेल्या की मेंढीकोट. एक्का-राजे दश्शीहून वरचढ खरे, पण त्यांचे थोरपण तिला घरी आणण्यातच! भिडूचे मन मात्र खुणेवाचून ओळखावे. रंग लपविणे, डोळ्यांनी खुणावणे हा अधर्मच होय.

मग आमचा आक्षेप कशास? पैशाच्या पैजेस. ऋग्वेदातील अक्षसूक्तात जुगाऱ्याचा विलाप आहे. सभापर्वात घात केला तो कपटाने आणि पणाने. एका मंडपात समईच्या उजेडात मांडलेली नाणी आम्ही पाहिली. पहाटे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी न बोलता उठले.

१८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तो माणसे जोडावयास. म्हणून विनंती एवढीच : जागर करा, खुशाल मेंढीकोट द्या, पैसा मात्र मंडपाबाहेर ठेवा.