पाळणा लांबला की तपासणी बायकोची. नवऱ्याच्या गोळीचं नाव कोण विचारणार?

धाराशिव : लग्नाला दोन-तीन वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, की खेड्यात पहिलं बोट सुनेकडे जातं. कळंब, भूम, परंड्याकडची जोडपी बार्शी गाठतात, उमरगा-लोहाऱ्याकडची सोलापूर-लातूर. सोनोग्राफी तिची, रक्त तिचं, उपासतापासही तिलाच. नवरा वर्षानुवर्षं पोटाच्या दुखण्याची गोळी खातोय, हे मात्र कुणी विचारत नाही. काही घरांत सगळी गोम त्या गोळीतच असते.

आतड्याची जुनाट सूज म्हणजे अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि क्रोन्स हे आजार. वारंवार जुलाब, शौचातून रक्त, पोटात कळा, वजन घटणं ही त्याची लक्षणं. गावाकडं कित्येक दिवस मूळव्याध किंवा आव समजूनच औषध चालतं. हा आजार बऱ्याचदा ऐन तरुणपणी, म्हणजे लग्नाच्या वयातच सुरू होतो. पंजाबात झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत लाखामागे 44 जणांना अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला होता. 2011 च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या साडेसोळा लाख होती. तेच प्रमाण इथं धरलं तर रुग्ण सातशेच्या वर जातात. हा नुसता अंदाज आहे, पण आजार अगदीच दुर्मिळ नाही एवढं त्यातून कळतं.

या आजारावरची जुनी गोळी म्हणजे सल्फासॅलाझिन. सांधेवातालाही तीच देतात. या गोळीने पुरुषाच्या वीर्यातील शुक्राणूंची संख्या आणि हालचाल कमी होऊ शकते, हे 1979 पासून वैद्यकशास्त्राला माहीत आहे. मर्दानगीशी याचा संबंध नाही. गडी धडधाकट दिसतो, संसार नीट चालतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही.

दिलासा असा, की हा परिणाम कायमचा नसतो. नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच ते तीन महिने लागतात. गोळी बदलली की साधारण तेवढ्याच काळात फरक पडतो. मेसालामाइन नावाच्या दुसऱ्या गोळीने सहसा हा त्रास होत नाही, म्हणून डॉक्टर अनेकदा ती सुचवतात.

पण हे वाचून कुणी आजच गोळी फेकून देऊ नये. औषध तुटलं की आजार उसळतो, आणि उसळलेला आजार, ताप, अशक्तपणा यांनीही शुक्राणू घटतात. म्हणजे आगीतून फुफाट्यात. सगळीच औषधं सारखी नाहीत. ॲझाथायोप्रिन आणि इन्फ्लिक्सिमॅब, ॲडॅलिमुमॅबसारखी इंजेक्शनं मूल हवं म्हणून पुरुषाने बंद करायची सहसा गरज पडत नाही. मेथोट्रेक्सेटबाबत नव्या अभ्यासांत बापाकडून बाळाला मोठा धोका दिसलेला नाही, तरी माहितीपत्रकात किमान तीन महिने आधी थांबवायला सांगितलेलं असतं. काय बदलायचं, कधी बदलायचं, हे आतड्याच्या डॉक्टरनेच ठरवायचं.

खरी अडचण अशी, की पोटाचा डॉक्टर मुलाबाळाचं विचारत नाही आणि बाईंची डॉक्टर नवऱ्याच्या पोटाचं विचारत नाही. मध्ये सुनेचा जीव टांगणीला लागतो, वर पैसा जातो तो वेगळाच. वीर्याची तपासणी ही सगळ्यात सोपी आणि बाईच्या तपासण्यांपेक्षा स्वस्त. तरी ती शेवटी होते, कारण गड्याला लाज वाटते.

धाराशिवला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पण डॉक्टर कुठलाही असो, जाताना गोळीचं रिकामं पाकीट खिशात ठेवावं आणि त्यावरचं बारीक अक्षरातलं नाव दोन्ही डॉक्टरांना दाखवावं. 'आम्हाला मूल हवंय, ही गोळी चालेल का?' एवढा एक प्रश्न नवऱ्याने स्वतःच्या तोंडाने विचारला, तर सुनेच्या निम्म्या चकरा वाचतील.