सपाट पायाला हसू नका



मागच्या पावसाळ्यात व्हरांड्याच्या शहाबादी फरशीवर तुमच्या ओल्या पायांचे ठसे उठले होते. कुणाचा ठसा मधे कोरलेला, तर पहिलीतल्या एकाचा अख्खा, भाकरीसारखा. झाले! मोठ्या मुलांनी ओरडा केला, "बदकपाय! बदकपाय!" तो पोरगा दोन दिवस शाळेत आलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्याचे वडील आले. म्हणाले, "गुरुजी, तालुक्याला नेऊन याला कमानीचे बूट करून आणतो. एक शेळी विकली की भागंल."

मी म्हणालो, "शेळी राहू द्या." असे का म्हणालो, ते सर्वांनी ऐकावे.

आपल्या एका पावलात 26 हाडे असतात. तान्ह्या बाळाची ती बरीचशी मऊ कूर्चेची असतात आणि तळव्याखाली चरबीची गादी असते. म्हणून बाळाचा पाय सपाटच दिसतो. मूल चालू-पळू लागले की स्नायू बळकट होतात, हाडे बांधून ठेवणारे बंध घट्ट होतात आणि हळूहळू तळव्याला कमान येते. पुलाच्या कमानीसारखी ती अंगाचा भार पेलते. बहुतेकांची कमान सहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागते, काहींना दहावे वर्ष उजाडते. एका दिवशी पेरलेली ज्वारी तरी सगळी एकदम कुठे निसवते?

घरी करून बघा. मुलाला चवड्यांवर उभे करा. कमान उमटली आणि पाय दुखत नसेल, तर काळजी नको. खास बुटाने कमान लवकर येते असे नाही. मात्र पाय दुखत असेल, ताठ असेल किंवा मूल लंगडत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

कर्नाटकातील दोन डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांचे ठसे तपासून 1992 साली निष्कर्ष छापले. वहाणा घालणाऱ्यांत शंभरात 8.6 मुलांचे पाय सपाट निघाले, अनवाणी फिरणाऱ्यांत फक्त 2.8. तेव्हा अनवाणी खेळतो म्हणून कुणी लाजू नये.

माझे मत असे : झाडलेल्या मैदानावर, वाळूत, अंगणात मुलांनी खुशाल अनवाणी खेळावे. पण रानात, शौचाला जाताना आणि रात्री चप्पल हवीच. काटे, विंचू तर आहेतच, शिवाय घाणीच्या मातीतले अंकुशकृमी कातडीतून अंगात शिरतात आणि रक्त शोषतात.

पालकांनाही एक विनंती. "वाढता पाय आहे" म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊ नका, आणि बोटे दुमडतील असे घट्टही नको. बोटांपुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असली की पुरे. आणि सपाट पायाची मुलगी अपशकुनी, ही खुळी समजूत तर आजच सोडा. पायाच्या ठशावरून कुणाचे नशीब ठरत नाही.

तो पहिलीतला मुलगा आता रोज शाळेत येतो. परवा खो-खोत त्याने चौथीच्या दोघांना दमवले. आता तुम्हीच सांगा, बदक एवढे पळते का?

— तुमचे गुरुजी