माळावरचा रविवारचा सामना

रब्बी ज्वारी निघाली की दोन गावच्या पोरांचा रविवारी क्रिकेटचा मैत्रीचा सामना ठरतोच. खुशाल खेळू द्या. पण वावर मोकळं दिसतंय म्हणून काळ्या रानात नको. तिथं पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडलेल्या असतात, आणि ज्वारीचं धसकट चपलेतूनही पायात शिरतं. झेलासाठी वर बघत धावणाऱ्या पोराला यातलं काही दिसत नाही.

मुरमाड माळ धरा. खेळपट्टी लांबीला ६६ फूट, म्हणजे गुंठ्याच्या दोन बाजू, आणि रुंदीला १० फूट. खडे वेचून जागा सपाट करा, वर चाळलेल्या काळ्या मातीचा पातळ थर द्या. पाणी शिंपडून वाफसा आल्यावरच रूळ फिरवा. चिखलात फिरवलात तर माती रुळाला चिकटते, वाळल्यावर फिरवलात तर नुसता धुरळा. पेरणीचा वाफसा ओळखणाऱ्यांना हे मी काय सांगावं!

आपल्या सोलापूरचं ऊन ठाऊकच आहे. सामना सकाळीच उरका, पाण्याचा माठ सावलीत ठेवा. पंच दोन्ही गावचा एकेक घ्या, निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

मुलींच्या हातीही बॅट द्या. आपल्याच जिल्ह्यातल्या मिरे गावची शेतकऱ्याची लेक किरण नवगिरे २०२२ साली भारताच्या संघातून खेळली. त्याच वर्षी तिनं नागालँडकडून एका टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा काढल्या होत्या.

आणि हो, सकाळचं वैरण-पाणी उरकूनच पोरांनी माळावर जावं, एवढी अट घरच्यांनी घालायला हरकत नाही.