झाकण लावून सांग!

आमच्या वस्तीतली बोअर ३०० फुटांवर कोरडी गेली. धुरळा वर आला, पाणी नाही. घरटी वर्गणी काढली होती. कुणी आठवड्याची मजुरी दिली होती, कुणी शेळी विकली होती. जागा दाखवली पाणाड्यानं. तळहातावर नारळ आडवा धरून तो वस्तीभर फिरला. जिथं नारळ उभा राहिला, तिथं खुंटी मारली. आणि बोअर कोरडी गेल्यावर काय म्हणाला? ''तुमच्यातल्या बाया फिरल्या इथनं. विटाळ झाला. पाणी सरकलं.''

सरकलं! काळ्या खडकातलं पाणी आमच्या बायांच्या पावलांना भिऊन सरकलं!

दोस्तहो, या एका वाक्यासाठी मी लिहायला बसलोय. पैसे बुडाले ते बुडाले. पण खोटा ठरला त्याचा नारळ आणि डाग लागला आमच्या आयाबहिणींच्या अंगाला. ही तऱ्हा फार जुनी आहे. दावा त्यांचा, अपयश आमच्या माथी.

नुसत्या शिव्या देऊन हे मोडत नाही. 'आमची श्रद्धा आहे' म्हटलं की गाव मोकळं. दाव्याची परीक्षा घ्यावी लागते. ती कशी घ्यायची, हे जगानं शोधून ठेवलंय.

जर्मनीत कासेलला १९९० साली तीसेक पाणाडे जमले. जमिनीत ५० सेंटिमीटर खाली प्लॅस्टिकचा पाइप पुरलेला. कुठं पुरलाय, ते वर रंगीत पट्टी टाकून उघड दाखवलेलं. सवाल एवढाच: या घटकेला पाइपातून पाणी वाहतंय की नाही? जेम्स रँडी नावाच्या जादूगारानं जिंकणाऱ्याला १०,००० डॉलर लावले होते. पाणाड्यांनी आधीच सही करून दिली, की परीक्षा रास्त आहे आणि आम्ही शंभर टक्के बरोबर सांगू. तीन दिवस खेळ चालला. निकाल काय? नाणं उडवून जेवढं बरोबर येईल, तेवढंच. बक्षीस कुणालाच नाही.

आपल्याकडं २००८ साली पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या साथींनी ज्योतिषांची अशीच परीक्षा घेतली. २०० मुलांच्या पत्रिका. १०० हुशार मुलांच्या, १०० मतिमंद मुलांच्या शाळांतल्या. एकेका ज्योतिषाला ४० पत्रिका दिल्या आणि विचारलं, यातलं हुशार कोण ते सांग. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर. डोळे मिटून सांगितलं असतं तरी ५० च्या आसपास आले असते! पुढं २० ऑगस्ट २०१३ ला दाभोलकरांना पुण्यातच गोळ्या घातल्या. प्रश्न विचारणं हा काही पोरखेळ नाही, हे ध्यानात ठेवा.

आता आमची गोष्ट ऐका. पुढच्या उन्हाळ्यात तोच पाणाड्या नव्या बोअरची सुपारी घ्यायला परत आला. आम्ही पोरांनी तेलाचे १० सारखे डबे मांडले. काहींत पाणी, काहींत वाळू. आधी उघडे ठेवले. नारळ चालतो का म्हणून त्यालाच विचारलं. चालला. १० पैकी १० बरोबर! मग विचारलं, झाकण लावून सांगशील? ''का नाही?'' पंचांपुढं अंगठा दिला.

एका पोरानं आडोशाला डब्याडब्यागणिक नाणं उडवलं. छापा आला तर पाणी, काटा आला तर वाळू. झाकणं लावली, डबे बाहेर मांडले अन् वेशीबाहेर निघून गेला. लिहून घेणारा मी. मलाही आतलं ठाऊक नव्हतं, आणि हे मुद्दाम. ज्याला ठाऊक असतं त्याचा चेहरा बोलतो, आणि असल्या माणसांना चेहरे वाचता येतात. नुसत्या अंदाजानं १० च्या १० बरोबर यायचे तर १०२४ वेळांत एकदा येतील.

झाकणं उघडली. १० पैकी ४.

त्याचं तोंड उतरलं. मग म्हणाला, ''डबे तुमच्या हातचे. तुमचा हात लागलाय.''

हेच तर पाहिजे होतं. मी म्हणालो, ''मामा, यातले ५ डबे मी उचलून आणलेत अन् ५ पाटलाच्या पोरानं. माझे कुठले ते सांगा.''

पारावर आवाज नाही.

खरं सांगतो, पाणाड्यावर माझा राग अर्धाच. तोही फाटकाच माणूस. फ्रान्सच्या शेव्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १८३३ सालीच लिहून ठेवलंय, की हातात धरलेला लंबक हलतो आणि डोळे बांधले की थांबतो. हलवतो माणूसच, पण त्याचं त्याला उमगत नाही. पाणाड्या एकवेळ स्वतःच फसलेला असेल. पण विटाळवाले?

अरे, सगळ्यात मोठा अतींद्रिय दावा त्यांचाच आहे! आमच्या स्पर्शानं पाण्यात काहीतरी शिरतं म्हणे. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. मागाहून सवर्णांनी १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य कालवून, मंत्र म्हणत तळं 'शुद्ध' केलं. काय शिरलं होतं त्यात? काय निघालं? कुणी झाकण लावून बघितलं? दहा वर्षं खटला चालला. मुंबई हायकोर्टानं पुरावा मागितला, की ही रूढी अनादी काळापासूनची आहे हे दाखवा. दाखवता आलं नाही. १७ मार्च १९३७ ला ते हरले.

आजही हॉटेलात, खोली भाड्यानं देताना, आडनाव विचारतात. का विचारता? विटाळ स्पर्शात असेल तर तुमच्या हाताला कळायला पाहिजे, जिभेला कळायला पाहिजे. कळतं फक्त कानाला! नाव कळेपर्यंत आमच्या हातचा चहा गोड लागतो. विटाळ पाण्यात नाही, तो तुमच्या कानात बसलाय.

आणि दोस्तहो, आपण? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेल्यांची आपण लेकरं, आणि नारळवाल्याला पैसे मोजले आपणच. त्या कोरड्या बोअरमध्ये आपली अक्कलही गेली. सरकारची भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. पंचायतीच्या उरावर बसून ठराव करून घ्या, भूवैज्ञानिक बोलवा. तोही चुकेल कधी. पण चुकला तर तो खडकाकडं बोट दाखवील, आपल्या बायांकडं नाही.

ते १० डबे समाजमंदिरात धुवून ठेवलेत. पाणाड्या येवो, भगत येवो, शुद्धीवाला भट येवो. ज्याला कळतं म्हणतो, त्यानं यावं. आम्ही झाकण लावतो. त्यानं सांगावं.